रोहिणीताई, त्या देवमाशाबद्दल

रोहिणीताई,

परवा तुला मंडाईला पोचवून आलो. इथल्या स्मशानाचं नाव मंडाई, यावर तू किती हसायचीस! "मी पुण्याची. मेल्यावरसुद्धा मला मंडईतच नेणार," म्हणायचीस, "येताना कोथिंबीर आणा म्हणावं." परत येताना बसमध्ये हे आठवलं आणि मला हसू फुटलं. शेजारी तुझ्या ऑफिसमधल्या एक चिनी बाई होत्या. मी रडतेय असं वाटून त्यांनी माझा हात घट्ट धरला. मग मी खरंच रडायला लागले.

तुझ्याबद्दल बोलायला सगळ्यांकडे खूप होतं. दिवसभर पाया लेबारच्या ऑफिसात हिशेब तपासायचे आणि उरलेला सगळा जीव आजारी मुलांच्या इच्छा पुऱ्या करणाऱ्या संस्थेत घालायचा, अशी बाई पुन्हा व्हायची नाही, असं एकेक जण उठून सांगत होता. कोणीतरी माझ्याकडे वळून म्हणालं, "मानसी, तू बोल ना. नीलला देवमासा ताईंनीच दाखवला." मी नको म्हटलं. मला बोलायचं होतं ते त्या हारांसमोर बोलण्यासारखं नव्हतं. आपलं भांडण चालू होतं, ताई. तू ते अर्धवट टाकून गेलीस.

तू पहिल्यांदा वॉर्डात आलीस तेव्हा नील नऊ वर्षांचा होता आणि त्याचा रक्ताचा कॅन्सर उलटला होता. पहिल्या वेळी आम्ही लढाईला निघाल्यासारखे होतो. दुसऱ्या वेळी नुसते बसून होतो. माझ्या नवऱ्याचा, सचिनचा, या देशात राहायचा पास नोकरीला बांधलेला, नीलचा विमा सचिनच्या बँकेला बांधलेला, आणि मी नि दोन्ही मुलं, आम्ही तिघं सचिनच्या पासला. साहेब कितीही बोलला तरी त्यानं राजीनाम्याचा विचारही करायचा नाही. नीलला पुण्याला न्यावं म्हटलं तर डॉक्टर म्हणत, आत्ता हलवू नका. इथेच राहावं म्हटलं तर विमा कुठवर पुरेल ते कोणी सांगेना. आमच्या सेम्बावांगच्या फ्लॅटमध्ये सासूबाईंनी पाठवलेला मेतकुटाचा डबा होता, तो उघडून मी नुसता वास घेत असे. बाहेर पडायला एकही दार नव्हतं. आणि अशात तू आलीस, खांद्याला पिशवी, पायात स्पोर्ट्स शूज, आणि माझ्याकडे न बघता सरळ नीलला विचारलंस, "काय रे, तुला सगळ्यात जास्त काय हवंय?"

"एनीथिंग?" नीलनं विचारलं.

"एनीथिंग."

त्यानं बराच विचार केला. "रिअल व्हेल. ॲक्वेरियमवाला नको. समुद्रातला. कॅन आह?"

"कॅन," तू म्हणालीस.

मी तुला बाहेर कॉरिडॉरमध्ये घेऊन गेले. मी म्हटलं, "तुम्ही आधी मला विचारायला हवं होतं. तुम्ही परस्पर हो म्हणून बसलात. आता मी नाही कशी म्हणू?"

तू माझ्याकडे नीट बघितलंस. "आधी आईला विचारलं की आई काहीतरी परवडेलसं सुचवते. लॅपटॉप, नाहीतर सायकल. मग ती आईची इच्छा होते," तू म्हणालीस. "आणि हे बघ, भांडायचं असेल तर मला तू म्हण. तुम्ही म्हणून काय डोंबल भांडता येतं?"

त्या दिवसापासून तू माझी ताई झालीस, आणि त्याच दिवसापासून आपण भांडतोय.

पहिलं मोठं भांडण पुत्रीवरून झालं. पुत्री नीलच्या शेजारच्या खाटेवरची. तिचे वडील तिला पलीकडच्या बाताम बेटावरून बोटीनं उपचारांना घेऊन आले होते. तिथली त्यांची दुचाकी दुरुस्तीची टपरी विकून झाली होती, आता घराचं बोलणं चाललं होतं. देवमासा बघायला ऑस्ट्रेलियाला जायचा बेत ठरायला लागला तसा वॉर्डातही तो सगळ्यांना कळला. स्वतंत्र बोट, कारण गर्दीत नीलला नेता येणार नव्हतं. सोबत नर्स. बंदरावर डॉक्टर तयार. त्या माणसानं एकदा सचिनला विचारलं, रागानं नव्हे, अगदी साधेपणानं: "एवढा पैसा मासा बघायला देतात, तर औषधाला पण देतात का? कुठे अर्ज करायचा?" सचिन घरी येऊन जेवलाच नाही.

दुसऱ्या दिवशी मी तुला हॉस्पिटलखालच्या फूडकोर्टमध्ये गाठलं. तू कोपी, ती इथली दाट गोड कॉफी, ढवळत होतीस. मी म्हटलं, "ताई, हे पाप आहे. त्या पोरीचे उपचार थांबायची वेळ आलीये आणि आम्ही बोट भाड्यानं घेतोय."

"तुझ्या नवऱ्याच्या बँकेनं वार्षिक पार्टी कुठे केली होती?" तू विचारलंस.

"त्याचा काय संबंध?"

"तेव्हा तुला पुत्री आठवली होती का? पार्टीला कोणी हिशेब विचारत नाही. आजारी पोराच्या एका दिवसाला मात्र सगळे हिशेब विचारतात."

"तेव्हा पुत्री माझ्या शेजारी नव्हती. आता आहे. पडद्यापलीकडे आहे. तिचा खोकला ऐकू येतो मला."

तू म्हणालीस, "मानसी, लोक देवमाशाला पैसे देतात. औषधाला देत नाहीत. औषध म्हटलं की त्यांना सरकार आठवतं, विमा आठवतो. देवमासा म्हटलं की त्यांना आपलं पोर आठवतं. मी काही लोकांना बदलू शकत नाही. त्यांच्या हातून सुटतं ते पकडते आणि पोरांना देते. ते पैसे देवमाशाचेच आहेत. नील नाही म्हणाला तर ते पुत्रीकडे जाणार नाहीत, दुसऱ्या कुठल्यातरी पोराच्या डिस्नेलँडला जातील."

मला उत्तर सुचलं नाही. अजून सुचलेलं नाही. पण उत्तर सुचलं नाही म्हणून तुझं पटलं, असंही कधी झालं नाही. घराघरांतून तेच चाललेलं असतं, अमक्यासाठी ठेवलेलं तमक्याला देता येत नाही. पण ते एका पडद्याच्या अंतरावर बघणं फार कठीण होतं.

मग नीलनं तो प्रश्न विचारला. वॉर्डातल्या एका मोठ्या मुलानं त्याला सांगितलं होतं, "विश ओन्ली फॉर द डाइंग वन्स, लाह." मी त्याचं डोकं पुसत होते. तो म्हणाला, "आई, ॲम आय दॅट काइंड?"

मी म्हटलं, "नाही रे. खूप आजारी असलेल्या सगळ्यांनाच देतात." हे खरंच होतं. तुझ्या संस्थेचा नियमच तसा होता. पण माझा आवाज खोटा निघाला आणि ते त्याला कळलं. त्यानं भिंतीकडे तोंड केलं. मी बाहेर जाऊन तुला फोन लावला आणि वाट्टेल ते बोलले. म्हटलं, तुझ्या त्या देवमाशानं माझ्या पोराला मरण दाखवलं. इतके दिवस आम्ही घरात तो शब्द येऊ दिला नव्हता.

तू ऑफिस सोडून आलीस. कपाळाला घाम, गळ्यात ऑफिसचं कार्ड तसंच. नीलच्या खाटेवर बसलीस आणि त्याला इंग्रजीत सांगितलंस, मला आजही शब्द न शब्द आठवतो: "मी पुष्कळ मुलांच्या इच्छा पुऱ्या केल्यात. त्यातले काही आता मोठे होऊन मिलिटरी ट्रेनिंगला गेलेत, मला एक फोन करत नाहीत, नालायक. काही मुलं गेली. तू कुठला, ते मला माहीत नाही. डॉक्टरांनाही माहीत नाही. तुझ्या आईलाही माहीत नाही, म्हणून ती चिडलीय. मला फक्त देवमाशाचं माहीत आहे."

मला वाटलं, आता पोर कोसळेल. मी तुला ढकलायलाच पुढे झाले होते. नीलनं तुझ्याकडे बघितलं, "ओके," म्हणाला, आणि थोड्या वेळानं त्यानं स्वतःहून खायला मागितलं. किती दिवसांनी!

तुझे आभार कशाचे मानायचे असतील तर मला देवमाशाचे मानायचे नाहीत, ताई. त्या दुपारचे मानायचे आहेत. आम्ही सगळे मिळून त्याला एका गोड खोट्यात कोंडून बसलो होतो आणि तो तिथे एकटा होता. तू आत जाऊन त्याच्याजवळ बसलीस. त्या दिवशी मी तुला लिफ्टपर्यंत सोडायलाही आले नाही, इतकी चिडले होते.

आणि ईरा. तेव्हा बारा वर्षांची होती, शाळेची मोठी परीक्षा तोंडावर. घरात तिच्याशी कोणी बोलत नसे, तिनं भांडी घासली की नाही एवढंच विचारत असू. एकदा तू घरी आली असताना ती तोंडातल्या तोंडात पुटपुटली, "आय ऑल्सो वॉन्ट टू सी व्हेल. मस्ट गेट कॅन्सर फर्स्ट, इज इट?" मी तिच्या अंगावर धावले. तू मला अडवलंस. "बरोबर विचारतेय ती," म्हणालीस, आणि तिला खाली हॉकर सेंटरला काहीतरी खायला घेऊन गेलीस. दोघी संध्याकाळी परत आलात. काय बोललात ते दोघींनीही सांगितलं नाही. परवा मंडाईला ईरा सगळ्यांत शेवटपर्यंत उभी होती, शाळेच्या गणवेशात. मी विचारलं, "त्या दिवशी ताई काय म्हणाली होती तुला?" ती म्हणाली, "नथिंग. शी जस्ट लेट मी काँप्लेन."

तर आता देवमासा. जे तुला सांगितलं नाही ते.

तुला रजा मिळाली नव्हती, म्हणून तुझ्याऐवजी संस्थेचे दोघं तरुण आले होते. फार चांगली मुलं. नीलच्या रक्तातल्या पेशी जरा सावरल्या त्या आठवड्यात आम्ही निघालो. समुद्र खवळलेला होता. नीलला मास्क, टोपी, माझी शाल, त्यावर लाइफ जॅकेट. आणि देवमासा आला, ताई. बोटीच्या अगदी जवळ आला. काळी पाठ वर आली, ती संपेचना. मग त्यानं श्वास सोडला तो आवाज, वाफेच्या इंजिनासारखा. बोटीवर सगळे ओरडले. सचिन रडला. नर्स रडली. ईराही आमच्याबरोबर होती, तोंडावर हात घेऊन उभी. संस्थेची ती दोन्ही मुलं मोबाइलवर चित्रण करत होती, पुनःपुन्हा नीलकडे वळत होती, आणि नील हसत होता. अंगठा वर करून हसत होता.

थोड्या वेळानं तो माझ्या कुशीत घुसला. माझ्या कानाशी तोंड आणलं. म्हणाला, "आई, अजून किती वेळ हॅपी राहायचं?"

मी त्याला केबिनमध्ये घेऊन गेले. तिथे तो ओकला. मग डोळे मिटून पडला आणि म्हणाला, "एव्हरीवन सो नाइस." त्याचा चेहरा एखाद्या कामावरून आलेल्या माणसासारखा दमलेला होता. इतक्या लोकांनी इतकं केलेलं, त्याची परतफेड त्या पोरापाशी एकच होती, चेहऱ्यावरचा आनंद. आणि तो आनंद तेवढा वेळ पुरत नव्हता.

आम्ही परत आलो तेव्हा तू विमानतळावर उभी होतीस. तू विचारलंस, "खूश होता ना?" मी म्हटलं, "हो." तू डोळे मिटलेस. तुझ्या त्या मिटलेल्या डोळ्यांसमोर मी पुढचं वाक्य कसं बोलणार होते? म्हटलं, नंतर सांगेन, भांडणात सांगेन.

पण नंतर आणखी एक झालं आणि माझंच मला कळेनासं झालं. घरी आल्यावर नील देवमाशाच्या रूपाबद्दल, आकाराबद्दल एक अक्षर बोलला नाही. वासाबद्दल बोलला. त्या श्वासाला कुजक्या मासळीसारखा घाण वास येत होता म्हणे. हे त्याला भयंकर आवडलं होतं. वॉर्डातल्या प्रत्येक नर्सला, सफाईवाल्या आंटीला, पुत्रीला तो सांगत सुटला, "यू नो, व्हेल गॉट बॅड ब्रेथ!" पुत्रीला तो खाटेवरून फुंकर मारून दाखवायचा आणि ती नाक धरून हसत सुटायची. तिच्या खोकल्यात मिसळलेलं ते हसू मी पडद्याअलीकडून ऐकलंय. त्या हसण्याची किंमत विचारली तर मी काय सांगू? आणि ते हसतंय कोण, तर जिला काहीच मिळालं नाही, ती.

निदान मी तसं समजत होते.

गेल्या आठवड्यात पुत्रीच्या वडिलांनी तिला बातामला परत नेलं. उपचार थांबले होते. जाताना त्या माणसानं नीलच्या डोक्यावर हात ठेवला, मला वाकून नमस्कार केला. मला ते सहन झालं नाही. मी तुला फोन केला. तू ट्रेनमध्ये होतीस, मागे स्टेशनांची घोषणा ऐकू येत होती. मी म्हटलं, "ताई, तू त्या पोरीला कधी विचारलंस का, तुला काय हवंय?"

"विचारलं होतं," तू म्हणालीस.

"मग?"

"घरी जायचंय म्हणाली."

मग मला राग आला. "ही काय इच्छा आहे, ताई? तिचा बाप रोज फोनवर घर विकायचं बोलायचा. तिनं तेवढंच मागितलं जेवढं मागता येत होतं. नीलनं देवमासा मागितला कारण त्याला वाटलं मागता येतो. मागायची हिंमतसुद्धा सगळ्यांना सारखी मिळत नाही."

तुझा आवाज बारीक झाला. "मानसी, तिनं खरंच घर मागितलं असेल तर? तू तिला गरीब म्हणून बघतेस म्हणून तिची इच्छा पण तुला गरीब वाटते. पण तू म्हणतेस ते पण असेल. मला ठाऊक नाही. हे फोनवर नको. शनिवारी येते, समोरासमोर बोलू. साबुदाणा भिजत घाल."

मी साबुदाणा भिजवला होता. शुक्रवारी तू ऑफिसात बोलता बोलता डोक्याला हात लावून खाली बसलीस आणि परत उठली नाहीस.

ताई, तू इतक्या मुलांपाशी बसलीस, त्यांना विचारलंस. तुला विचारायला कोणाला वेळच मिळाला नाही. तुझं कोणी इथे नव्हतं, हेही मला परवाच नीट कळलं. तुझा भाऊ नाशिकहून आला, तो लोकांकडे बघून चकित झाला होता. मला म्हणाला, "ताई इथे एकटी असते असं आम्हाला वाटायचं." मी त्याला म्हटलं, "एकटी कुठली? रोज माझ्याशी भांडायची."

नीलचं म्हणशील तर नवीन औषध चालू आहे. सध्या आकडे बरे आहेत. डॉक्टर 'सध्या' हा शब्द फार जपून वापरतात. सचिनचा पास पुढच्या वर्षी नवा करायचा आहे. दारं तेवढीच आहेत आणि तशीच बंद आहेत. मी नीलला तुझ्याबद्दल सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "बट शी वॉज नॉट इव्हन सिक." मग बराच वेळ त्याच्या मनात काहीतरी चाललं होतं. मी विचारलं नाही. तुझ्याकडून तेवढं शिकलेय, काही वेळा नुसतं जवळ बसावं.

आज हॉस्पिटलात कविता भेटली. इंदूरची आहे, तिची पीहू सहा वर्षांची. तू तिच्याकडे एकदाच जाऊन आली होतीस आणि पीहूनं बर्फ मागितला होता. खरा, आकाशातून पडणारा. तू 'मिळेल' म्हणून गेलीस. आता संस्थेकडून दुसरी मुलगी आली होती, ताईंचा शब्द आहे, आपण पुढे नेऊ या म्हणाली. कविता माझ्या शेजारी येऊन बसली. हातातला रुमाल पिळत होती.

"दीदी, सब कहते हैं आपके बेटे का बहुत अच्छा हुआ. मैं क्या करूँ? हाँ बोलूँ?"

मी इतके महिने तयार केलेली सगळी भाषणं माझ्या तोंडाशी आली, ताई. पैशाचं, पुत्रीचं, त्या मोठ्या मुलाच्या वाक्याचं. आणि पाठोपाठ तुझी सगळी उत्तरंही आली. दोन्ही बाजू आता माझ्याच डोक्यात राहायला आल्यात. तू गेलीस आणि तुझी बाजूही माझ्या गळ्यात घालून गेलीस. कोणाला जिंकू द्यायचं?

मी तिला विचारलं, "पीहूला तू पुन्हा विचारलंस का? आजूबाजूला कोणी नसताना?"

"पूछा. वही बोलती है. बर्फ."

"तर मग हो म्हण," मी म्हटलं.

तिनं सुटकेचा श्वास टाकला. ती उठायला लागली तेव्हा मी तिचा हात धरला. तुला सांगायचं होतं ते त्या अनोळखी बाईला सांगितलं, मोडक्या हिंदीत, घाईघाईनं: "पण एक ऐक. तिथे गेल्यावर तिला थंडी वाजली, कंटाळा आला, परत जाऊ या म्हणाली, तर म्हणू दे. सगळे कॅमेरे घेऊन उभे असतील. कोणाकडे बघू नकोस. तिला उचल आणि आत घेऊन ये."

कविता माझ्याकडे बघत राहिली. तिला किती कळलं कोण जाणे. "अच्छा, दीदी," म्हणाली, आणि पीहूकडे गेली.

मी तिथेच बसून राहिले. तू हे ऐकलं असतंस तर काहीतरी असं बोलली असतीस की मला घरी जाईपर्यंत उत्तर सुचलं नसतं. आत नीलचं ड्रिप संपायला अजून बराच वेळ होता.